माणशी एक ड्रॉपर

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल दर रविवारी सकाळी नऊला भरायचा, आणि साडेनऊपर्यंत तिथे भुंकण्याचा असा गदारोळ उठायचा की खाली सोफ्याचा भाव विचारायला आलेलं गिऱ्हाईक आल्या पावली परत जायचं. पॉमेरेनियन, पग, डॅशहंड, आणि जात विचारली तर मालकानंच डोकं खाजवावं अशी बरीचशी. पण सगळी मांडीवर मावणारी. मग पांढरी शाल पांघरलेले निःशब्द महाराज यायचे. तांब्याच्या वाटीतलं शांतिजल एकेका कुत्र्याला चाटवायचे, त्याच्या कपाळावर अंगठा टेकवायचे आणि पुढचा तासभर बोलत सुटायचे. सव्वादहापर्यंत चाळीसच्या चाळीस कुत्री सतरंजीवर निपचित पडलेली असायची, दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांसारखी. त्यांचे मालक डोळे पुसत बसायचे.

"भुंकणं हा आवाज नाही, तो कंप आहे," महाराज सांगायचे. "तुमच्या घरातली भांडणं, तुमच्या मोबाइलच्या लहरी, तुमच्या पोटात साठलेला राग, हे सगळं हा चिमुकला जीव शोषून घेतो. मी काय करतो? मी त्याला माझं मौन देतो. शांतिजल म्हणजे काय? साधं पाणी. सात दिवस माझ्या मौनाशेजारी ठेवलेलं. तान्ह्या बाळानं प्यावं इतकं निर्मळ."

"मौन पाळतात तरी कधी हे?" मागच्या रांगेतल्या साबणताईनं शेजारच्या बाईला विचारलं. शेजारणीनं आपली खुर्ची चार बोटं पलीकडे सरकवली.

साबणताईचं कुत्र्यांना आंघोळ घालायचं दुकान होतं. एक टब, एक ड्रायर, एक टेबल, कोपऱ्यात वजनकाटा आणि एक जाडजूड वही. हे नाव तिला गल्लीतल्या पोरांनी दिलं होतं आणि आता बँकेचा कारकूनसुद्धा तिला त्याच नावानं हाक मारायचा. बावीस वर्षांत तिला चावली नाही अशी जात उरली नव्हती, आणि म्हणूनच कुत्र्याचं काही बिनसलं की ते तिच्या हातांना आधी कळायचं. गेले दोन महिने हातांना काहीतरी खटकत होतं. ड्रायर लावला की आकांत करणारी कुत्री आता भुशाच्या पिशवीसारखी पडून राहायची. मालकिणी म्हणायच्या, "महाराजांची कृपा." साबणताई म्हणायची, "हं."

ती सभेला आली होती ती नणंदेच्या आग्रहाखातर. नणंदेच्या घरी बटण नावाचं कुत्रं होतं. अडीच किलोचं, गव्हाळ रंगाचं, दारावरच्या प्रत्येक माणसाला आपण कोण आहोत हे ओरडून सांगणारं. नणंद, तिचा नवरा, सासरे तात्या, सासूबाई माई आणि कॉलेजात जाणारी त्यांची नात असं पाच माणसांचं ते घर होतं आणि बटणवर पाचही जणांचा जीव. तात्या तर स्वतःच्या ताटातला पहिला घास त्याला द्यायचे. खालच्या मजल्यावरच्यांनी भुंकण्याबद्दल तिसऱ्यांदा तक्रार केली तेव्हा तात्यांनीच त्याला महाराजांकडे नेलं, आणि त्या दिवसापासून तात्या महाराजांचे झाले ते झालेच.

महाराजांचे नियम दोन. पहिला असा की कृपा फक्त लहान कुत्र्यांवर. "मोठं कुत्रं तामसी. त्याचा कंप जड. ते या जन्मात सुटायचं नाही." दुसरा नियम ऐकून तर लोक गहिवरायचे. शांतिजलाची निळी बाटली विकत घेऊन घरी न्यायची आणि रोज संध्याकाळी घरातल्या प्रत्येकानं आपल्या हातानं एक ड्रॉपर भरून द्यायचा. माणशी एक. "जितके हात, तितकं प्रेम. जितकं प्रेम, तितकी शांती." एकत्र कुटुंबांकडे बोट दाखवून महाराज म्हणायचे, बघा, यांच्याकडे चार दिवसांत गुण आला. मग दुसऱ्या रांगेतल्या निवृत्त टायपिस्टबाईंकडे वळायचे. एकट्या राहायच्या बिचाऱ्या, सोबतीला म्हातारा पग. "तुमचा अजून भुंकतो, बाई. प्रेम कमी पडतंय." टायपिस्टबाई मान खाली घालायच्या. त्या क्षणी साबणताईला उठून त्या माणसाची शाल ओढावीशी वाटली, पण नणंदेनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

मंगळवारी नणंद बटणला आंघोळीला घेऊन आली. तिला बाजार करायचा होता, म्हणून त्याला सोडून ती गेली.

साबणताईनं त्याला काट्यावर ठेवलं. दोन किलो शंभर. तिनं वहीत मागचं पान उलटलं. दोन महिन्यांपूर्वी अडीच. टबात चार बोटं पाणी होतं, नेहमीसारखंच. तिनं बटणला उभं केलं तर मागचे पाय आपोआप दुमडले. साबण घ्यायला ती वळली, मोजून दोन क्षण, आणि पुन्हा पाहते तर बटणचं नाक पाण्याखाली होतं. ते धडपडत नव्हतं. डोळे अर्धवट उघडे होते आणि ते शांतपणे बुडत होतं, मान वर करायची असते हेच विसरल्यासारखं.

टॉवेलात गुंडाळून तिनं त्याला उचललं आणि दुकान उघडं टाकून धावत सुटली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना तीन दुकानं सोडून होता.

डॉक्टरीणबाई कमी बोलायच्या आणि जे बोलायच्या ते कुत्र्याशी. हिरड्या पाहिल्या, छातीला नळी लावली, थर्मामीटर लावला. "थंडगार पडलायस रे," त्या बटणला म्हणाल्या. मग साबणताईला, "याला काय काय चालू आहे? घरच्यांना बोलवा. सगळ्यांना."

अर्ध्या तासात पाचही जण हजर झाले. लहानशा तपासणीखोलीत भिंतीला पाठ लावून उभे राहिले. टेबलावर बटणच्या पायाला सलाइन लावलेलं होतं.

"औषध कोण देतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"औषध नाही हो, शांतिजल," तात्या म्हणाले. "मी एकच ड्रॉपर देतो."

"मीही एकच," माई म्हणाल्या.

नणंदेनं एकच दिला होता. तिच्या नवऱ्यानं कामावरून आल्यावर एकच. नात म्हणाली, "मी पण एकच देते. कधी विसरले तर दुसऱ्या दिवशी दोन."

"आणि हे पाय का लटपटतात त्याचे?"

माईंनी पदराशी चाळा करत सांगितलं, "पाय लटपटायला लागले म्हणून माझ्या गुडघ्यांची गोळी दिली मी त्याला. अर्धीच. रोज. मला किती गुण आला होता तिनं."

"मग ते ओकायला लागलं," नणंद पुटपुटली, "म्हणून मग पित्ताचं पातळ औषध. आमच्या घरातलंच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे बाटलीतल्या कशानं तरी पाय गेले, पायांसाठी गोळी दिली, गोळीनं पोट गेलं, पोटासाठी पातळ औषध दिलं. आणि हे सगळं दोन किलोच्या जिवात. तुमची गुडघ्याची गोळी, माई, साठ किलोच्या माणसासाठी केलेली असते. कुत्र्याच्या पोटात ती जखमा करते आणि मूत्रपिंडं खाते. पाच जणांनी एकेकच दिलं म्हणता. त्याच्या पोटात पाच गेले ना? पोट तर एकच होतं."

माई मटकन स्टुलावर बसल्या. तात्यांचा चेहरा मात्र दगडासारखा झाला होता.

"माईच्या गोळीचं मला माहीत नव्हतं. ती चूक झाली," ते म्हणाले. "पण महाराजांच्या पाण्याला नाव ठेवायचं काम नाही. महाराजांनी आधीच सांगितलंय, चाळिसाव्या दिवशी जीव गाढ शांतीत जातो. ज्यांना कळत नाही ते त्याला आजार म्हणतात. रविवारी चाळिसावा दिवस आहे. मी त्याला सभेला नेणार."

"तात्या, ते पाण्यात बुडत होतं," साबणताई म्हणाली. "मी पाहिलंय."

"तू साबण लावायचं काम बघ, बाई."

डॉक्टरीणबाईंनी एवढंच सांगितलं, की मूत्रपिंडं निम्मी गेली आहेत, सलाइन लावून आठवडाभर इथे ठेवलं तर आशा आहे, आणि रविवारी घरी नेऊन पुन्हा ते पाणी पाजलं तर नाही. कुत्रं तात्यांचं होतं. शनिवारपर्यंत ते राहू देतो म्हणाले, हीच मेहेरबानी. रविवारच्या आत तात्यांचं मन वळलं नाही तर बटण गेलं, एवढा साधा हिशेब होता.

दुकानात परतल्यावर साबणताईनं वही उघडली. गिऱ्हाइकांना ती एरवी फक्त कुत्र्याचं वजन विचारायची. त्या तीन दिवसांत तिनं आणखी एक प्रश्न विचारला. घरात माणसं किती? उत्तर ती वजनाशेजारी लिहीत गेली. शुक्रवारी संध्याकाळी तिनं पान पुढ्यात घेतलं. सहा माणसांच्या घरातलं तीन किलोचं कुत्रं मेल्यासारखं झोपत होतं. दोन माणसांच्या घरातलं आठ किलोचं नुसतं पेंगत होतं. टायपिस्टबाईंचा नऊ किलोचा पग, एका ड्रॉपरवर, धडधडीत भुंकत होता. प्रेमाचा कुठे संबंधच नव्हता. माणसं जास्त आणि कुत्रं लहान, की झाला चमत्कार. मोठी कुत्री तामसी का, तेही तिला तिथेच उमगलं. चाळीस किलोच्या कुत्र्याला पाडायला वाटी पुरली नसती, बादली लागली असती.

डॉक्टरीणबाईंनी बटणची बाटली तपासायला पाठवली होती; शनिवारी प्रयोगशाळेचा कागद आला. निळ्या बाटलीत साखरेचं पाणी होतं आणि त्यात माणसांचं झोपेचं औषध, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही ते, चांगलं दाट कालवलेलं. साबणताई तो कागद घेऊन नणंदेच्या घरी धावली. तात्यांनी चष्मा लावून तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"कागद काय, कोणीही छापतं," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी. तुझ्या कागदानं माझे डोळे खोटे ठरतात होय?"

"वहिनी, तू आता जा," नणंद हळूच म्हणाली.

"वन्सं, तुम्हाला तरी पटतंय ना?"

नणंदेनं सासऱ्यांकडे पाहिलं आणि दार लोटलं.

रविवारी साबणताई पहिल्या रांगेत जाऊन बसली. डॉक्टरीणबाई दारापाशी उभ्या होत्या. तात्या मधल्या रांगेत होते आणि त्यांच्या कडेवर, जुन्या मफलरमध्ये, बटण. मान लुळी. घरचे चौघे त्यांच्या मागे.

महाराज रंगात आले होते. "आज एक जीव गाढ शांतीत प्रवेश करणार आहे," ते म्हणाले आणि पाण्याच्या बाटलीतून एक घोट घेतला. घसा सारखा कोरडा पडायचा त्यांचा. मौनाचा परिणाम असावा. "कोणाला काही विचारायचं आहे?"

साबणताई उठली. पिशवीतून तिनं काचेचा एक मोठा ग्लास काढला आणि महाराजांपुढच्या टेबलावर ठेवला.

"महाराज, शांतिजल म्हणजे पाणीच ना?"

"पाणीच, ताई. मौनानं भारलेलं."

"तान्ह्या बाळाला चालेल?"

"तान्ह्या बाळाला, गरोदर बाईला, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याला. निर्मळाची कसली भीती?"

"मग माझा एक हिशेब तपासून द्या." तिनं टेबलावरच्या निळ्या बाटल्यांतली एक उघडली आणि ग्लासात रिकामी केली. "बटण अडीच किलोचं होतं. रोज पाच ड्रॉपर. म्हणजे किलोला दोन." दुसरी बाटली. "तुमचं वजन ऐंशीच्या घरात असेल. म्हणजे एकशे साठ ड्रॉपर." तिसरी, चौथी. "एका बाटलीत तीस बसतात, मी मोजलेत." पाचवी ओतून सहावीतलं तिनं थोडंसं घातलं. ग्लास काठोकाठ भरला. "जेवढं त्या दोन वितीच्या जिवाला रोज मिळतं, तेवढंच हे तुमच्या मापानं. थेंबभर जास्त नाही. प्या."

हॉलमध्ये कुजबुज झाली. महाराज हसले. "रविवारी मी काही ग्रहण करत नाही."

"ती बाटली सकाळपासून निम्मी झाली की तुमची."

दोनचार जण हसले. महाराजांचा अंगठा शालीच्या काठावरून फिरू लागला. "तुमच्या मनात कोलाहल आहे, ताई. शांतीची परीक्षा घ्यायची नसते. ज्याचा विश्वास नाही त्याच्यासाठी मी—"

"माझा आहे," तात्या म्हणाले.

ते रांगेतून बाहेर आले होते. बटणला त्यांनी डाव्या हातात धरलं होतं. "महाराजांना कशाला त्रास देतेस? मी पितो. सगळ्यांसमोर पितो आणि तुझं तोंड कायमचं बंद करतो." आणि त्यांनी ग्लास उचलला.

या हिशेबात साबणताईनं तात्यांना धरलंच नव्हतं. महाराज पिणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसरं कोणी पिईल, पंचावन्न किलोचा, हृदयाच्या गोळ्या घेणारा म्हातारा पिईल, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. "तात्या, नको," म्हणत ती पुढे झाली, पण मध्ये टेबल होतं. ग्लास ओठांना लागला.

तासन्‌तास मांडी न मोडणारे निःशब्द महाराज त्या वेळी असे उठले की शाल मागे राहिली. त्यांनी टेबलावरून झेप घेतली आणि तात्यांच्या हातावर एवढा जोराचा फटका मारला की ग्लास भिंतीवर जाऊन फुटला.

भिंतीवरून साखरपाणी ओघळत होतं. तात्या आपल्या रिकाम्या, लाल झालेल्या हाताकडे पाहत राहिले.

"का हो, महाराज?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता. "पाणीच होतं ना?"

"ते... माणसांसाठी नाही."

"तान्ह्या बाळासाठी आहे म्हणालात. आत्ता म्हणालात."

महाराजांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते नावाला जागले.

मग डॉक्टरीणबाई पुढे आल्या. त्यांनी कागद वाचून दाखवला आणि सोप्या भाषेत सांगितलं. झोपेचं औषध आहे. वाटीतलं चाटलं की अर्ध्यापाऊण तासात कुत्रं आडवं होतं. तेवढा वेळ काढायला भाषण लागतं. घरी माणशी एक ड्रॉपर, म्हणजे घर मोठं तितका डोस मोठा, आणि कोणालाच आपण जास्त दिल्यासारखं वाटत नाही. बाटली लवकर संपते, दुसरी लागते. मागच्या महिन्यात या हॉलमधली दोन कुत्री गेली. "तुम्हाला सांगितलं गेलं की ती मुक्त झाली. ती झोपेत श्वास घ्यायची थांबली." मग त्या टायपिस्टबाईंपाशी थांबल्या. "बाई, तुमचं प्रेम कमी पडलं नव्हतं. पाजणारे हात कमी पडले. तुमचा पग जिवंत आहे तो त्यामुळे."

महाराज जिन्याकडे सरकत होते. फर्निचरवाल्यानं खालून दार लावून घेतलं होतं आणि पोलिसांना फोनही केला होता; भुंकण्याला तो कधीचा वैतागला होता.

आता सगळे महाराजांवर तुटून पडले असतील असं वाटेल. काही पडलेही. पण एका सुटाबुटातल्या गृहस्थांनी साबणताईला गाठून विचारलं, "ते सगळं ठीक आहे. पण मग आता याचं भुंकणं बंद कसं करायचं?"

साबणताईचा संताप तिथे उफाळून आला. "तुमचं कुत्रं दिवसाचे नऊ तास बंद खोलीत एकटं असतं. मला माहीत आहे, नखं बघून कळतं मला, दार ओरबाडतं ते. तुम्हाला कोंडलं असतं तर तुम्ही गप्प बसला असता? त्याला फिरवा. त्याच्याशी खेळा. कान दुखतोय का, दात दुखतोय का, डॉक्टरला दाखवा. आणि एवढंही जमत नसेल तर कापसाचं कुत्रं आणा. ते अजिबात भुंकत नाही." तिला ठाऊक होतं की तो माणूस एकटा नाही. या हॉलमध्ये बरेच जण फसले होते, पण फसायची घाईही त्यांना होती. कुत्रं बरं व्हावं म्हणून ते आलेच नव्हते. ते गप्प व्हावं म्हणून आले होते, आणि ते खरोखरच गप्प झालं होतं.

तात्यांनी मफलरसकट बटणला डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. "आठवडाभर ठेवा," ते म्हणाले. "महिनाभर ठेवा."

बुधवारी दुपारी बटण गेलं. माई त्याच्यापाशी बसलेल्या होत्या. शेवटचे दोन दिवस त्याला लघवीच झाली नव्हती. झोपेचं औषध अंगातून उतरलं होतं, त्यामुळे ते पूर्ण जागं होतं आणि त्याला दुखत होतं.

पुढच्या रविवारी महाराज कोठडीत होते. तरी नऊ वाजता दहाबारा माणसं कुत्री घेऊन जिन्यापाशी आलीच. काहींच्या कानावर बातमी गेली नव्हती, काहींच्या गेली होती आणि तरीही आशा होती. पहिल्या पायरीवर तात्या उभे होते. दाढी वाढलेली. शेजारी साबणताई, कारण त्यांना एकट्यानं येऊ द्यायला नणंद तयार नव्हती.

"वर कोणी नाही," तात्या प्रत्येकाला सांगत होते. "घरी जा. निळी बाटली डॉक्टरकडे न्या, आणि एकदम बंद करायची की हळूहळू ते त्यांना विचारा. कुत्र्याला जे काही देता त्याचं नाव काय, ते कशावर आहे, एवढ्याशा वजनाला किती, हे विचारल्याशिवाय थेंब देऊ नका. आपली गोळी त्याला देऊ नका. घरात एकानंच द्यायचं. आणि जो नाव सांगत नाही, पाणीच आहे म्हणतो, त्याला आधी प्यायला लावा."

छातीशी पॉमेरेनियन धरलेली एक तरुण बाई घुटमळली. तिच्या पिशवीतून निळं झाकण डोकावत होतं. "पण आजोबा, गुण येतो हो याला. घरी सगळे किती मायेनं देतो आम्ही. तुमचं कुत्रं होतं ना इथे? गव्हाळ? त्याला नाही का आला गुण?"

"आला की," तात्या म्हणाले. "आम्हीही मायेनंच दिलं. आम्ही मारलं त्याला, पोरी. बाटली दे इकडे."